निकाल लागलेला खेळ

रंगनाथमामा गोल्फ बघायला लागले ते पँटींसाठी.

तीर्थपुरीच्या बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. अर्ध्या जागेत मामांचं मशीन आणि अर्ध्या जागेत त्यांच्या मुलाचं, अंकुशचं, रेडिमेड कपड्यांचं दुकान. "एका छपराखाली रोगबी हाय आन् रोगीबी," असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त थांबावं म्हणून अंकुशने भिंतीवर टीव्ही लावला. पण रिमोट पहिल्याच आठवड्यात बापाच्या मांडीखाली गेला तो तिथेच राहिला. एका जुलैत चॅनल फिरवता फिरवता मामांना विलायतेतली कुठलीशी मोठी गोल्फची स्पर्धा दिसली आणि त्यांचं बोट थांबलं.

"सुधाकर, हे बघ," मी दुकानाची पायरी चढत असतानाच ते म्हणाले. "जगात एवढा एकच खेळ उरलाय जिथं माणूस इस्त्रीची पँट घालून उतरतो. कमरेला पट्टा, शर्ट आत खोचलेला. बाकी सगळे चड्ड्यावर नाचून राह्यले. आन् तुमचे क्रिकेटवाले? रात्रीचे कपडे घालून येतेत."

मी त्यांचा थोरला भाचा. अंबडच्या कोर्टात कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा पुकारून पुकारून माझा आवाज मोठा झाला आहे, त्यामुळे मला चांगलं बोलता येतं असा आमच्या नातेवाइकांत एक जुना गैरसमज आहे. लग्नात, बारशात, तेराव्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडेच असतं. माझ्या पँटी मात्र शेवटपर्यंत मामांनीच शिवल्या. दर दिवाळीला टेप माझ्याभोवती फिरवून ते म्हणायचे, "तुझी कंबर आन् महागाई, दोघींना मागं यायचं ठाऊकच न्हाई." मग कमरेच्या शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडून ठेवायचे. "लागणारच हाय," म्हणायचे. ते लागायचंच.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर बघ्यांची गर्दी व्हायची. गोल्फ हा खेळ आमच्याकडे कुणी पाहिलेला नव्हता, आणि पाहिल्यावरही त्यात काय पाहायचं ते कळत नव्हतं. एकदा एक म्हातारे शेतकरी खताची पिशवी खाली ठेवून बराच वेळ टीव्हीकडे डोळे बारीक करून बघत होते.

"रंगनाथा, चेंडू कुठं हाय रं?"

"आभाळात हाय."

"मंग दिसत कामून न्हाई?"

"तुमाला देव दिसतो का? तरी नारळ फोडताच ना? बसा गुमान."

खेळाचे नियम मामांनी आपल्या धंद्याच्या हिशेबाने लावून घेतले होते. ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो, हे त्यांना फार पटलं. "एकाच टिपेत पँट बसली तर तो कारागीर. दहा डाव उसवून बसवली तर त्यो बी टेलरच, पण दुसऱ्या गल्लीतला." बाकी चुका पुष्कळ करायचे. खेळाडूच्या मागे पिशवी घेऊन चालणाऱ्या माणसाला ते बरीच वर्षं त्याचा मेहुणा समजत. "सख्खा मेहुणा असल्याबिगर एवढं ओझं कोण उचलतंय?" मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाले, "तू कोर्टात हायस, तिथं बोल."

त्यांची नजर खेळाडूंपेक्षा मागून चालणाऱ्या लोकांवर जास्त असायची. छत्र्या, रेनकोट, गळ्यात दुर्बिणी, पायात चिखल. चार दिवस ही माणसं एका माणसामागे मैलोन् मैल चालतात आणि तो मारायला उभा राहिला की श्वास धरून थांबतात, याचं मामांना कौतुक होतं. "आपल्याकडं वरातीतबी लोक एवढे गप राहत न्हाईत," म्हणायचे.

मग एका दिवाळीनंतर मामांच्या घशात भाकरीचा घास अडायला लागला. आधी भाकरी कालवणात कुस्करून, मग नुसतं कालवण, मग पेज. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. डॉक्टर अंकुशला आणि मला बाजूला घेऊन बोलले. आम्ही खोलीबाहेर आलो तोवर, आमच्याकडे जे होतं तेच झालेलं होतं, म्हणजे मामांना सांगायचं नाही हे ठरलेलं होतं. ते कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आजही सांगता येणार नाही. पाहुणा आला की चहा ठेवायचा हे जसं कुणी ठरवत नाही, तसंच ते. मामांना सांगितलं, आतून सूज आहे. हळूहळू उतरेल.

तीर्थपुरीत मात्र सगळ्यांना ठाऊक. पानटपरीवाल्याला ठाऊक, अंबडच्या एसटीच्या कंडक्टरला ठाऊक. आजारी माणसाला भेटायला जायची आपली रीत. माणसं यायची, येताना बिस्किटांचे पुडे आणायची. ज्याच्या घशाखाली पाणी नीट उतरत नव्हतं त्याच्या उशाशी बिस्किटांचा ढीग. "काही न्हाई मामा, सूज हाय. आमच्या साडूला बी झाली होती," असं म्हणायची. त्या साडूचं पुढे काय झालं, ते कुणी सांगायचं नाही.

उन्हाळ्यात एकदा मी गेलो तर मामा मशीनवर बसलेले. उपचार घेऊन घेऊन डोक्यावरचे केस गेलेले, गळ्याची कातडी लोंबलेली. स्वतःच्याच पँटीची कंबर आत घेत होते.

"तिसऱ्यांदा घेऊन राह्यलो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "मला एक सांग, शिकलेला माणूस हायस. सूज आली तर माणूस वाढाया पायजे ना? मी कसा घटाया लागलो?"

 इतकी वर्षं कोर्टात लोकांना शपथेवर खोटं बोलताना ऐकतो आहे, पण वेळ आली तेव्हा मला साधं एक वाक्य जमेना. मामांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "जाऊ दे. मामीला काही बोलू नको. तिला वाटतंय मला ठाऊक न्हाई. तेवढंच तिला बरं."

जुलै लागला तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या हट्टाने खाट दुकानातच, मशीनशेजारी टाकली होती. मागे घर, मधे एक पडदा. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आता घरी ठेवा, दुखू देऊ नका, एवढंच सांगून गोळ्या आणि पातळ औषध दिलं होतं. मामांनाही दुसरं काही नको होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "मला आता हितून हलवू नका. बाजाराचा आवाज येतो, बरं वाटतं."

पण मामीचे थोरले भाऊ, किसनराव, कुंभार पिंपळगावहून आले आणि पडद्यामागे बैठक बसली.

"मुंबईला न्यायचं," किसनराव म्हणाले. "तिथं म्हणे नवीन इलाज निघालाय."

"डॉक्टर तर म्हणाले, घरी ठेवा," मी म्हणालो.

"डॉक्टर म्हणतेत! उद्या दाजींचं काही झालं तर लोक डॉक्टरच्या दारात जातेत का? लोक ह्या अंकुशच्या दुकानात येतेत. आन् बाहेर काय बोलतेत ते ऐकलं का? म्हणतेत, रेडिमेडचा माल आणाया पोरगं महिन्याला मुंबईला जातं, बापाला न्यायाची वेळ आली तर रस्ता सापडंना."

अंकुश खाली मान घालून फरशीवरचं काहीतरी नखाने खरवडत होता. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मामी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेवटी किसनराव माझ्याकडे वळले. "भाचेबुवा, तुमचं ऐकतेत ते. तुमी राजी करा."

गैरसमजाची किंमत ही अशी मोजावी लागते.

तो रविवार होता, गोल्फच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. तिकडे वादळाचा अंदाज होता म्हणून खेळ नेहमीपेक्षा लवकर सुरू झाला होता. मी पडद्यातून बाहेर आलो, तर मामा उशीला टेकून टीव्ही बघत होते. एक खेळाडू सगळ्यांच्या इतका पुढे गेला होता की त्याला आता कुणी गाठणं शक्य नव्हतं. अर्धा खेळ शिल्लक होता, पण टीव्हीवर बोलणारे लोकही आता खेळाबद्दल बोलत नव्हते, त्याच्या लहानपणाबद्दल बोलत होते. आणि सगळी गर्दी त्याच्यामागे. दोरीच्या पलीकडून, वाऱ्यात छत्र्या सावरत, हजारो माणसं चाललेली.

"बघ," मामा म्हणाले. आवाज आता कागद घासल्यासारखा येत होता. "दुसऱ्या नंबरासाठी तिकडं तिघं भांडून राह्यले. तिथं कुत्रं न्हाई. आन् जिथं निकाल लागलाय तिथं सगळी जत्रा. काय बघतेत हे?"

"तो कसा जिंकतो ते बघत असतील."

"ते तर कालच ठरलं." जरा थांबून त्यांनी श्वास गोळा केला. "त्याच्या संगं जो खेळतोय ना, त्याच्याकडं बघ. निळ्या पँटीवाला. ह्या एवढ्या गर्दीत एक माणूस त्याच्यासाठी आला न्हाई. त्याला ठाऊक हाय. तरी बघ, पँटीला चिखल लागू देईना."

मी खुर्ची ओढली. घसा साफ केला. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही काळा झाला, पंखा थांबला, आणि बाहेरच्या बाजारातला आवाज एकदम आत आला.

"बोल," मामा म्हणाले. "तुला पाठवलंय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पडदा मीच शिवलाय. किती जाड हाय ते मला ठाऊक हाय."

 संध्याकाळ होत आली होती. दुकानातले हँगरला टांगलेले शर्ट अंधुक दिसत होते, माणसं उभी असल्यासारखे.

"अंकुश काय म्हणला? त्याचा आवाज आला न्हाई."

"काहीच नाही म्हणाला."

"हां." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाले, "ह्या रस्त्यावर त्याला अजून तीस वर्षं दुकान चालवायचंय. मी जातो हितं पडून, सुखानं. मंग रोज सकाळी शटर उघडलं की समोरचा म्हणणार, बापाला नेलं न्हाई. तोंडावर न्हाई म्हणणार. पाठीमागं म्हणणार. ते लई वाईट."

"मामा, लोकांचं काय..."

"लोकांचं काय, हे तू अंबडला राहून म्हण. हितं दुकान टाक, मंग म्हण." ते हसायला गेले आणि खोकल्यात अडकले. मी पाण्याने ओठ ओले केले. "सांग त्यांना, मुंबईला जाऊ म्हणावं. आन् एक बराबर सांग. मला आशा हाय म्हणून मी चाललो, असं सांग. अंकुशसाठी चाललो असं बिलकुल न्हाई. त्याला तसं वाटलं तर जन्मभर खाईल ते त्याला."

"पण तुम्हाला खरंच..."

"कंबर किती घेतली आत, तू बघितलं की." त्यांनी माझा हात धरला. त्या हाताला वजनच नव्हतं. "एवढे दिवस तुमी समदे माझ्याशी खोटं बोलले. मी काही म्हणलो का? आता एक डाव मला बोलू द्या."

मी पडद्याआड गेलो आणि सांगितलं की मामा तयार आहेत, मामांना आशा आहे. किसनरावांनी मांडीवर थाप मारली. मामी देवापुढे दिवा लावायला उठल्या. अंकुशने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

दोन दिवसांनी गाडी दारात लागली. मामांनी इस्त्रीची पँट घातली होती. ती त्यांच्या अंगावर होती म्हणायचं, नाहीतर आत माणूस होता असं वाटत नव्हतं. अर्धी बाजारपेठ जमली. अंकुशने आणि मी त्यांना उचलून गाडीत ठेवलं, तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "येतो रे, बरा होऊन. कुणाचं कापड राह्यलं असंल तर ठिवून जा." जोर केल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. लोक गाडीच्या मागे मागे पार मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आले. कुणी बोलत नव्हतं.

रस्ता त्यांना सोसला नाही, असं सोबत एकटाच गेलेला अंकुश नंतर म्हणाला. सिन्नरच्या पुढे दोनदा गाडी थांबवावी लागली. मुंबई येईपर्यंत ते नुसते कण्हत होते. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले, मामांना पाहिलं आणि अंकुशला विचारलं, "यांना एवढ्या लांब कशाला आणलंत?" खाट मिळेपर्यंत ते व्हरांड्यात स्ट्रेचरवर होते. खाट मिळाली, पण नवा इलाज काही सुरू झाला नाही. वेदना कमी करायची एक सुई सुरू झाली. अंकुश औषध आणायला खाली गेला असताना, अनोळखी माणसांनी भरलेल्या त्या खोलीत मामा गेले. बाजाराचा आवाज नव्हता. घरचं कुणी जवळ नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने त्यांच्या तोंडात पाणी घातलं, असं ती अंकुशला म्हणाली. कोण, कुठली, त्याने विचारलं नाही.

दहाव्याला सगळं गाव आलं. किसनराव मांडवात बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "माझ्या भाच्यानं, अंकुशनं, काही कमी केलं न्हाई. पार मुंबईपर्यंत नेलं." लोक माना डोलवत होते. "खरंय, शेवटपर्यंत केलं पोरानं." समोरचा दुकानदारही तेच म्हणाला. मामांनी जे मागितलं होतं ते त्यांना पुरेपूर मिळालं होतं.

पंगती उठल्यावर अंकुश माझ्याशेजारी येऊन बसला. डोक्याचं मुंडण केलेलं, त्यामुळे तो एकदम मामांसारखा दिसत होता. 

"दादा, त्या दिवशी तुमी बोललात आबांसंगं. आबांना खरंच आशा होती ना?"

"का रे?"

"न्हाई... माझ्या मनात तर त्यांना हितंच ठिवायचं होतं. किसनमामानं कितीबी बोलू दे, मी नेणार नव्हतो. लोक काय म्हणतेत ते बघून घेतलं असतं. पण तुमी आत येऊन सांगितलं की आबाच चला म्हणतेत, त्यांना आशा हाय. मंग मी कसा न्हाई म्हणणार? माणसाला जगावं वाटतंय आन् आपण त्याला न्हाई म्हणायचं?"

मांडवात भांडी घासायचा आवाज येत होता. अंकुश माझ्या तोंडाकडे बघत होता.

"होती," मी म्हणालो. "खूप आशा होती त्यांना."