घटपर्णीचे दादा

घरात माशी मारली म्हणून पाहुण्यावर डोळे वटारणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा आतेभाऊ आहे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पुसदला त्यांच्या बैठकीत कोणी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, की आतून आवाज यायचा, "राहू द्या, राहू द्या! तिच्या तोंडचा घास हाये तो!" ती म्हणजे खिडकीत टांगलेली घटपर्णी. हिच्या पानाच्या टोकाला तार फुटते, तारेच्या टोकाला सुरई लागते, सुरईवर झाकण असतं, आणि आत घसरलेला किडा पुन्हा बाहेर येत नाही. दमट जंगलातलं हे झाड आमच्या मे महिन्यात जगवायचं, असं दादांनी निवृत्तीनंतर मनावर घेतलं.

दादांची सगळी नोकरी शेतांच्या मोजणीत गेली. त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. कुरियरनं झाड आलं तेव्हा ओल्या शेवाळात गुंडाळलेली चार मरतुकडी पानं तेवढी होती. सुरई एकही नाही. "याच्यापेक्षा आपल्या बाजारातली मेथीची जुडी ताजी असते," वहिनी म्हणाल्या. दादांनी शांतपणे पट्टी काढली आणि चारही पानांची लांबी वहीत उतरवली. हिला माती चालत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून नारळाचा भुसा आणला आणि त्यातलं मीठ जावं म्हणून सात पाण्यांनी धुतला. वहिनींनी मला साक्षीला धरलं. "भाऊजी, या माणसानं जन्मात कधी वाटीभर तांदूळ तरी धुतले काय, विचारा बरं!"

पाण्याची कथा आणखी निराळी. नळाचं पाणी क्षारांचं, ते वर्ज्य. साठवलेलं पावसाचं पाणी संपलं, की दादा एका बँकेच्या मागच्या गल्लीत जाऊन एसीच्या नळीखाली कॅन लावून उभे राहत. वॉचमननं एकदा हटकलं, "काका, काय करून राह्यले इथं?"

"पाणी नेऊन राह्यलो."

"हे पाणी? कायले?"

"पेशंट हाये घरी."

पुढे तो भला माणूस स्वतःच कॅन भरून ठेवू लागला आणि रोज पेशंटची तब्येत विचारू लागला. दादाही खरं तेच सांगत, "आज जरा टवटवी हाये."

उन्हाळ्यात कूलरचं तोंड झाडाकडे आणि घरातली माणसं भिंतीकडे. जावई आले तरी ते कोपऱ्यात रुमालानं घाम पुसत बसायचे. अशा पाच महिन्यांच्या सेवेनंतर एका पानाच्या टोकाला बोटाएवढी सुरई धरली. मी तेव्हा शाळेत नववीच्या वर्गावर होतो. शिपाई धावत आला, घरून अर्जंट फोन आहे म्हणून. मी घाबरून फोन घेतला, तर दादा. "झाकण उघडलं रे!" संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले आणि रविवारी कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन आले.

इथवरचं मी आजवर किती जणांना रंगवून सांगितलं असेल. पुढचं कोणालाच सांगितलं नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी दादा-वहिनी महिनाभर पुण्याला गेले आणि घराची किल्ली माझ्याकडे आली. एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं. पाणी किती, कूलर कधी. मी मन लावून केलं. मग एक दिवस खालचं पान पिवळं दिसलं. आता मी कापूस पिकवणाऱ्या घरातला. पान पिवळं दिसलं की आमचा हात आपोआप युरियाच्या पोत्याकडे जातो. घरी पोतं होतंच. मी चिमूटभर टाकला. वाईट हेतूनं नाही, अगदी मायेनं. आठवड्यात पानं काळी पडली, सुरया वाळल्या. कागद पुन्हा वाचला. शेवटची ओळ होती : खत अजिबात नाही. हे झाड भुकेल्या जमिनीतलं, मुळाशी खत पडलं की जळतं.

दादा परतले, कुंडीसमोर खूप वेळ उभे राहिले. मी म्हणालो, "ऊन लई होतं या वर्षी." एवढंच. दादांनी वहीत लिहिलं : कूलरचा वारा थेट लागला. चूक माझी.

त्यांनी पुन्हा झाड आणलं नाही. पण गावात ज्यांना घटपर्णी लावायची असे ते दादांकडेच येत. दादा भुसा, पाणी, सावली सगळं हौसेनं समजावून सांगत आणि शेवटी म्हणत, "अन् कूलर दूर ठेवा. मी त्यानंच मारलं तिले." मी शेजारी बसून चहा पीत असे. सहा वर्षं हा चहा मी प्यायलो.

मागच्या मेमध्ये कॉलेजातल्या एक बाई सुकलेली कुंडी घेऊन आल्या. दादांचं ऐकून त्यांनी झाड कूलरपासून लांब, कोरड्या खोलीत ठेवलं होतं आणि दमट हवेविना ते वाळलं होतं. दादांनी जुनी वही काढली, पानं उलटली; त्यांचं झाड तर कूलरसमोरच वाढल्याची नोंद होती. "मग माझं काहून मेलं?" ते कोणालाच विचारत नव्हते. बाई गेल्या आणि मी सांगितलं.

दादांनी वही मिटली. मग म्हणाले, "किती टाकला?"

"चिमूटभर."

"चिमूटभर," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी बाईंना फोन करून आपण चुकीचं सांगितल्याची माफी मागितली. माझं नाव घेतलं नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, "तवाच सांगतलं असतं, तर मी दुसरी लावली असती रे. हिले मोठी व्हायले वर्षं लागतात. आता हात थरथरते माहा. तू लाव."

मी लावली. दादा रोज खुशाली विचारतात. अजून सुरई धरलेली नाही. परवा कुंडी हलवताना एक कोवळं पान माझ्याच हातानं मोडलं. मी तसाच उभ्या उभ्या फोन लावला आणि आधी तेच सांगितलं. 

"फुटन दुसरं," दादा म्हणाले. "आपल्याले कुठं जाचं हाये."