लतीचा पास

जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या मराठी घरांत कुणाकडेही किचकट फॉर्म आला की तो आत्मारामांकडे जायचा. पत्त्याची अनमेल्डुंग, म्हणजे नोंदणी, असो की मुलांचा भत्ता, ते चष्मा पुसून, काळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात भरून देत. उभा जन्म ड्रॉइंग बोर्डावर गेलेला माणूस. खाडाखोड ठाऊकच नाही.

त्यांची धाकटी बहीण लती सुदानमध्ये अडकली होती. नवरा तिथल्या कापड गिरणीत होता. तो गेल्यावरही ती तिथेच शाळेत गणित शिकवत राहिली. मग यादवी पेटली. गावाबाहेर पडायला लष्कराचा पास लागे. इंटरनेट कधी असे, कधी नसे, म्हणून नातेवाइकांनी परदेशातून अर्ज पाठवला तरी चाले.

सून अपूर्वाने अर्ज छापून आणला. "बाबा, आत्यांच्या पासपोर्टचा फोटो मोबाइलवर आहे. एकदा बघून घ्या ना."

"नंबर तेवढा सांग. सख्ख्या बहिणीचं नाव काय आता कागदात बघू?"

"बरं, बरं. तुमचंच खरं."

आत्मारामांनी लिहिलं, लतिका. पुढे मेव्हण्यांचं नाव, आडनाव. अपूर्वाने स्कॅन करून धाडलं. तिलाही त्या लतीआत्याच.

नऊ आठवड्यांनी पास आला. मुदत तीन दिवसांची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

"दादा, चौकीवरून परत पाठवलं रे मला."

"का? मुदत तर होती."

"पासवर लतिका आहे, पासपोर्टवर ऊर्मिला. लग्नात यांनी तांदळांवर अंगठीने लिहिलं नव्हतं का? ताट तर तूच धरलं होतंस."

आत्मारामांनी ताट धरलं होतं खरं. पण माहेरात त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारलीच नव्हती.

"शिपाई म्हणाला, लतिकाला घेऊन ये, तिला सोडतो. मी म्हटलं, मीच ती. तर हसला. बरं वाटलं पण, दादा. इथं ते नाव इतक्या वर्षांत कुणी घेतलंच नव्हतं."

दुसरा अर्ज त्यांनी पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर ताडून भरला. उत्तर त्याच दिवशी आलं. तो रस्ता नागरिकांसाठी बंद झाला होता, पास देणंही थांबलं होतं. पुढच्या आठवड्यात लतीचा फोन लागेनासा झाला. अजून लागत नाही.

परवा शेजारचा उत्कर्ष मुलीच्या बालवाडीचा फॉर्म घेऊन आला. "काका, सावकाश भरा, घाई नाही."

आत्मारामांनी फॉर्म हातात घेतला. पहिल्याच चौकटीत नाव विचारलं होतं. त्यांनी तो नीट घडी करून परत केला.

"दुसऱ्या कुणाकडून भरून घे, बाबा."