बोंग-चीच्या दोन रेघा

बोंग-ची या नावाचा अर्थ 'आलीच आहे तर वाढवा'. आधीच्या तिन्ही मुलीच, चौथीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने नोंदणी कचेरीत तोंडाला आलं ते नाव लिहवलं आणि तो घरी येऊन जेवला. आमच्या किनाऱ्यावर या नावाच्या म्हाताऱ्या पैशाला पासरी सापडतात, त्यामुळे तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. "वाढवलं ना शेवटी? मग झालं तर," एवढंच ती म्हणायची.

नवऱ्याचं नाव चुई-बोक, म्हणजे पाणी-लाकूड. पत्रिकेत ही दोन तत्त्वं कमी आहेत असं निघालं, म्हणून ज्योतिष्याने नावातच भरपाई करून दिली. नशिबाने ती भरपाई जरा जास्तच मनावर घेतली. हा माणूस जन्मभर समुद्रात बांबूच्या तराफ्यांवर कालवं वाढवत राहिला. तो कालवं आणायचा, ती फोडायची. लग्नाला किती वर्षं झाली असं कुणी विचारलं, तर बोंग-ची कालवं फोडायच्या शेडमागच्या शिंपल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवायची. ढीग घराएवढा होता. दोघांमध्ये बोलणं मात्र त्यातल्या एका टोपलीएवढंही झालं नसेल.

त्या वसंतात चुई-बोक तराफ्यावरच कोसळला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. चियायी शहरातल्या इस्पितळात त्याच्या तोंडात नळी घातली आणि यंत्र त्याच्या वतीने श्वास घेऊ लागलं. तैवानभर नेमकी तेव्हाच साथ पसरत होती. रोग्याजवळ एकाच माणसाला बसू देत, आणि त्या माणसाने आधी चाचणी करून एक रेघ दाखवायची. एक रेघ म्हणजे आत, दोन म्हणजे घरी.

ही चाचणीची किटं मिळवणं हाच एक धंदा होऊन बसला होता. आरोग्य कार्ड घेऊन औषधाच्या दुकानात जायचं; ओळखपत्राचा शेवटचा आकडा विषम असेल तर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, सम असेल तर उरलेल्या दिवशी. रविवार सगळ्यांचा, म्हणून रविवारी कुणालाच मिळायची नाहीत. दुकान उघडायच्या आधी दारात रांग लागायची, पण माणसांची नव्हे. प्लास्टिकचं स्टूल, शेतातली टोपी, कुणाचा एकच गमबूट, असं काहीबाही ओळीने मांडून मंडळी न्याहारीला जायची. बोंग-ची आपली कालवांची टोपली ठेवायची. वासामुळे तिच्या टोपलीमागचा नंबर कायम दोन हात लांब असायचा.

"सरकारने अंतर ठेवा म्हणून एवढे फलक लावले," केमिस्ट म्हणायचा, "काकूंची टोपली ठेवली असती तरी काम झालं असतं."

"मग ठेव की फलकाच्या जागी. भाडं दे," शेजारची आ-हूय बोंग-चीच्या वतीने सांगायची. आ-हूय आणि बोंग-ची तरुणपणापासून शेजारी शेजारी बसून कालवं फोडत होत्या. बोलायचं काम आ-हूयने घेतलं होतं.

बोंग-ची आठवड्यातून दोनदा बसने इस्पितळात जायची. नवऱ्याशेजारी बसायची, त्याची नखं कापायची, यंत्राकडे बघायची आणि परत यायची. रडली वगैरे नाही. "कसा आहे?" असं आ-हूयने विचारलं की म्हणायची, "आहे." आ-हूयसुद्धा मग गप्प बसायची, आणि हे गावात कुणाला खरं वाटत नसे.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी बोंग-चीला घसा खवखवल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायचंच होतं, म्हणून तिने काडी नाकात फिरवली, थेंब टाकले आणि पट्टी शेगडीशेजारी ठेवून भांडी घासली. हात पुसून आली तर दोन रेघा. तिने चष्मा लावून पाहिलं. चष्म्यातूनही दोनच.

तेवढ्यात फोन वाजला. तैपेईत नोकरी करणारा तिचा मुलगा यू-चेंग आदल्या दिवशीच रजा काढून इस्पितळात आला होता.

"आई, डॉक्टर म्हणाले आता काही उपयोग नाही. बाबांना घरी न्यायचं असेल तर उद्याच न्या. नंतर श्वास पुरणार नाही."

आमच्याकडे माणूस इस्पितळात मरत नाही. म्हणजे मरतो, पण त्याला तसं मरू देत नाहीत. तोंडातली नळी तशीच ठेवून रुग्णवाहिकेतून घरी आणायचं, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर बैठकीत फळ्यांवर निजवायचं आणि मग नळी काढायची. शेवटचा श्वास उंबऱ्याच्या आत सुटायला हवा. बाहेर मेलेल्याला मग घरात घेत नाहीत. अंगणात मांडव घालून त्यातच ठेवतात, पाहुण्यासारखा. बोंग-चीच्या दिराचं तसं झालं होतं. त्याची पाटीसुद्धा भिंतीवर जरा अवघडून बसल्यासारखी दिसते, असं सगळे म्हणत.

"आण," बोंग-ची म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या दोन रेघा आल्यात."

पलीकडे यू-चेंगने दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग झालं. आता कुणालाही सांगू नकोस. सांगितलंस की घर सात दिवस बंद, बाबा दारातच राहतील. मास्क लाव, मागच्या खोलीत बस. साधा सर्दी-खोकलाच तर आहे, आई."

"हं," बोंग-ची म्हणाली.

मुलाचं चुकत नव्हतं, पण गोष्ट तेवढीच नव्हती. बैठकीत माणूस निजवला की निम्मा गाव येऊन बसणार, त्यात सगळे म्हातारे. शिवाय मेलेल्याच्या अंगात ही साथ निघाली, तर त्याला पिशवीत बांधून तडक जाळायला नेत. ना भटजी, ना पोथी, ना सातव्या दिवसाचा भात. खालच्या आळीतल्या एका म्हातारीचं तसंच झालं होतं. तिचा मुलगा अजून रस्त्यात दिसला की मान खाली घालायचा. आता आपणच उंबऱ्याशी वाट बघत बसायचं आणि आपल्याच तोंडून हे नवऱ्याला द्यायचं, या विचाराशी बोंग-ची थोडा वेळ थांबली. तिला भीती वाटली नाही, रागही आला नाही. थंडीत कालवं फोडताना बोटं बधिर होतात आणि सुरा लागला तरी रक्त दिसेपर्यंत कळत नाही, तसं आतून झालं होतं.

शेवटी तिने पाट्यांसमोर उदबत्ती लावली आणि कौल घ्यायच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या. एक उताणी आणि एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. "सांगू का?" तिने विचारलं आणि त्या टाकल्या. दोन्ही उताण्या. याला आमच्याकडे हसणं म्हणतात. पूर्वज नुसते हसतात, उत्तर देत नाहीत. तिने परत टाकल्या. परत हसले. तिसऱ्यांदाही हसले.

"हसा," बोंग-ची म्हणाली, आणि तिने सरपंचाला फोन लावला.

सरपंच थियाम-चाय चुई-बोकबरोबर शाळेत होता, म्हणजे दोघे मिळून शाळेत जात नसत. साथीच्या त्या दिवसांत निम्म्या गावाच्या रेघा त्याच्याच फोनवरून वर कळवल्या जात होत्या, कारण म्हाताऱ्यांकडे बटणांचे फोन. तो अंगणात आला तोच पाठीवर डासांच्या औषधाचा पंप बांधून.

"वहिनी, तिथूनच बोला. पट्टी खुर्चीवर ठेवा, कार्ड शेजारी ठेवा आणि मागे सरका. पट्टीवर नाव लिहा, आजची तारीख लिहा. नाहीतर डॉक्टर म्हणतील, सरपंच निवडणुकीत जुनी आश्वासनं खपवतो तशा इथेही जुन्याच पट्ट्या खपवतो."

डॉक्टरीणबाई सरपंचाच्या फोनच्या पडद्यावर आल्या. नातीच्या वयाच्या होत्या आणि दमलेल्या दिसत होत्या.

"आजी, दोन रेघा दिसतायत. कुणाच्या संपर्कात होतात?"

"कालवांच्या."

"माणसांच्या, आजी."

"आ-हूयच्या. पण ती माझ्याकडे बघत नाही, नुसती बोलते."

"ताप? धाप लागते?"

"नाही."

"घरी आणखी कोण आहे?"

बोंग-चीने सरपंचाकडे पाहिलं. "उद्या नवरा येतोय," ती म्हणाली. "मरायला."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. सरपंचाने घसा खाकरला.

"मॅडम, या घराचा पत्ता लिहू नका, माझा लिहा. माझा वरचा मजला रिकामा आहे. स्वतंत्र संडास आहे, खिडकी आहे. सात दिवस या तिथे राहतील. हे घर मी धुऊन काढतो."

"चालेल ना तुमच्या घरी?"

"माझी बायको तैचुंगला मुलीकडे आहे. आल्यावर चालणार नाही, पण आल्यावर बघू."

यू-चेंगला कळलं तेव्हा तो फोनवर ओरडलाच. "म्हणजे बाबा येणार आणि तू तिथे नसणार? आई, तुला काही वाटतं की नाही?"

"तो आत यायला हवा," बोंग-ची म्हणाली. "मी असले काय आणि नसले काय. बायको नवऱ्याला पोचवायला जात नाहीच आपल्यात."

"ते स्मशानात! इथे घरात—"

"बैठकीतली सायकल बाहेर काढ आल्यावर. फळ्या मावणार नाहीत."

दुपारी सरपंचाने तिचं घर पंपाने असं फवारलं की पाट्यांवरचे पूर्वज चकाकायला लागले. बोंग-ची एक पिशवी घेऊन त्याच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे मागच्या निवडणुकीतले उरलेले झेंडे भिंतीला टेकवून ठेवले होते आणि प्रत्येक झेंड्यावर थियाम-चाय अंगठा वर करून हसत होता. एका कोपऱ्यात त्याचंच तोंड छापलेल्या कागदी रुमालांची खोकी होती. खिडकीतून खाली गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला तिच्या घराचं दार सरळ दिसत होतं.

संध्याकाळी आ-हूय खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"बोंग-ची! तुझ्यापायी शेडमधल्या सगळ्यांनी नाकात काड्या घातल्या!"

"निघाल्या का रेघा?"

"एकेकच. पण त्या काडीने मला मेलेली आई दिसली." मग तिचा आवाज उतरला. "शेवया दारात ठेवल्यात. उद्या मी बैठकीत बसते त्याच्याजवळ. तू काही सांगायचंय का त्याला?"

बोंग-चीने नाही म्हणून मान हलवली आणि खिडकी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी सरपंचाने शेवयांचा ताजा वाडगा जिन्यात ठेवला आणि त्याच वेळी यू-चेंगचा फोन आला. रुग्णवाहिका निघाली होती. एक परिचारक हाताने फुगा दाबून श्वास भरत होता.

"आई, हा माणूस म्हणतो नाडी फार हलकी आहे."

"पूल आला की ओरडून सांग त्याला. वळण आलं की सांग. नाहीतर जीव वाट चुकतो, घरी पोचत नाही."

"आई, इथे ड्रायव्हर आहे, हा दुसरा आहे... मला नाही ओरडता येत असं."

तैपेईत राहून पोराच्या गळ्यातला आवाज गेला होता. बोंग-ची खिडकीशी उभी राहिली. "फोन त्याच्या कानाला लाव," ती म्हणाली. "आणि काय आलं ते तू मला सांग, हळू."

"साखर कारखान्याचा पूल," यू-चेंग कुजबुजला.

"पूल आला रे!" बोंग-ची ओरडली. जन्मात तिने एवढा आवाज काढला नव्हता. खाली गल्लीत एक कुत्रं उठून उभं राहिलं. "कारखान्याचा पूल! ओलांड!"

"देवळाचं वळण."

"वळ! देवळाकडून वळ! समोर बघून चाल!"

"आई, नाडी..."

"पुढे काय आलं?"

"खाडीचा पूल. नवा."

"खाडीचा पूल रे म्हाताऱ्या! नवा आहे, पण तोच! ओलांड! खाली तराफे आहेत तुझे, बघत बसू नको! ये!"

ती ओरडत राहिली. गल्लीतली माणसं दारात येऊन वर बघू लागली. मग पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळली, तशी ती गप्प झाली. मागचं दार उघडलं. स्ट्रेचर उतरलं, फुगा दाबणारा माणूस त्याच्याबरोबर तिरका पळत होता आणि यू-चेंगच्या हातात फोन तसाच चालू होता. चादरीखालून चुई-बोकचं एक पाऊल बाहेर आलेलं दिसलं. मग दाराने सगळ्यांना आत घेतलं आणि गल्लीत नुसती गाडी उरली.

बोंग-चीने फोन कानाशी धरला होता. त्यातून फळ्यांचा आवाज आला, आ-हूयचं काहीतरी पुटपुटणं आलं. मग कुणीतरी म्हणालं, "काढू?" यू-चेंग "हो" म्हणाला. थोड्या वेळाने फोन बंद झाला.

सरपंच घरातून बाहेर आला आणि गल्लीतून चालत खिडकीखाली येऊन उभा राहिला. त्याने मास्क खाली ओढला, पुन्हा वर केला.

"गेला वहिनी."

"आत?"

"आत. पाट्यांसमोर. नळी काढल्यावर दोन श्वास स्वतःचे घेतले त्याने. मी मोजले."

"उंबऱ्याच्या आत ना?"

"चांगला चार हात आत."

"बरं," बोंग-ची म्हणाली.

मग तो परत बैठकीकडे गेला. गल्लीतून म्हातारे एकेक करून तिच्या घरात शिरू लागले. बाहेर चपलांची रांग लागली. बोंग-ची खिडकीतून मागे आली, झेंड्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिने जिन्यातला वाडगा ओढून घेतला. शेवया गार होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या तिने शेवटपर्यंत खाल्ल्या.