बारा बादल्यांची भोकं

भूमकडं बावीस एकर कोरडवाहू रान कसलेले आण्णासाहेब धाराशिवला लेकाच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा त्यांना बसायचं कसं हेच कळेना. सोफ्यावर टेकायचे, उठायचे, खिडकीशी जायचे, परत टेकायचे. डॉक्टरनं रानात जाणं बंद केलं होतं. पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांच्या सुनेनं, सोनालीनं, गच्चीवर रंगाच्या बारा रिकाम्या बादल्या मांडल्या. शाळेत शिकवून आली की ती मोबाईलवर बागकाम शिकवणारी एक बाई बघायची. "तर मैत्रिणींनो, निचरा म्हणजेच झाडाचा श्वास बरं का," असं ती बाई साखरेत घोळून बोलायची. तिचं ऐकून सोनालीनं तापल्या सळईनं प्रत्येक बादलीच्या बुडाला पाच-पाच भोकं पाडली, माती न् शेणखत भरलं, नर्सरीतनं आणलेली वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं लावली.

"आण्णा, ही आता तुमची. सकाळी पाणी तेवढं घालत जावा."

आण्णांनी घातलं. वरनं घातलं, खालनं गेलं. उभा जन्म बांध घालण्यात गेलेला. आन् इथं डोळ्यांदेखत पाणी गटाराला चाललंय. सोनाली शाळेत गेल्यावर त्यांनी जुनं धोतर फाडलं, चिंध्यांचे बोळे केले आणि एकेक बादली कलती करून सगळी भोकं ठासून बुजवली. त्या दुपारी त्यांना जरा डोळा लागला.

आठ दिवसांत पानं पिवळी पडली. तहानली असतील म्हणून आण्णांनी तांब्या-तांब्या जास्त ओतलं. पानं माना टाकायला लागली. दिवसातनं दहा-बारा खेपा गच्चीवर. शेवटी वांग्याचं एक रोप उपटून मूळ नाकाला लावलं, तर काळं, कुजकं. तेव्हाच उमगलं. पण सांगायचं कसं? पीक बिघडलं की अर्धा गाव ज्याला विचारायला यायचा, त्यानं बारा झाडं बुडवली?

"नर्सरीवाल्यानं रोपं सडकी दिली," सोनाली म्हणाली. "आज विचारतेच त्याला."

"जाऊ दे की."

"का जाऊ दे? महिनाभर राबले मी."

आण्णा तिच्या स्कूटीवर मागं बसले. रस्ताभर चुळबूळ.

"नीट बसा आण्णा, गाडी हलतीय."

नर्सरीत सोनालीनं वर्गातला आवाज काढला. "एक रोप मरतं, मान्य. बाराच्या बारा? चूक कबूल करा."

नर्सरीवाला सिद्धाराम हातातली झारी खाली ठेवत म्हणाला, "ताई, याच वाफ्यातली रोपं उभ्या गावात जगत्यात. तुमच्याकडंच का रुसत्यात?"

"मग मी खोटं बोलते?"

सिद्धाराम आण्णांकडं वळला. "आण्णा, तुमी रानातलं माणूस. हात लावून बगा, न् तुमीच सांगा. वाईट असली तर आत्ता उपटून टाकतो सगळी."

आण्णांनी एक रोप उचललं. ठेवलं. दुसरं उचललं. टोपी काढली, घातली.

"रोपं झ्याक हैत," ते म्हणाले. "भोकं म्या बुजवली."

"कसली भोकं?" सोनालीनं विचारलं.

"बुडाची. समदी. पानी वाया जात व्हतं."

सिद्धारामला खोकला आला. खोकता खोकता तो म्हणाला, "दुष्काळातली माणसं तुमी. पान्यात बुडवून मारली व्हय?"

सोनालीनं त्याची माफी मागितली. मग स्कूटी तडक घराकडं वळवली. आण्णांना वाटत होतं, तिनं बोलावं, ओरडावं, काहीतरी करावं. गच्चीवर गेल्यावर तिनं पक्कड त्यांच्या हातात दिली.

"काढा."

आण्णा बसून एकेक बोळा उपसायला लागले. दोन मिरच्यांचे शेंडे अजून हिरवे होते. काळं, आंबूस पाणी भळभळ सुटलं, ओघळ होऊन गच्चीच्या नळीकडं धावलं. आण्णांचा पाय आपसूक पुढं झाला आणि ओघळाला आडवा पडला. पाणी तुंबलं.

सोनाली बघत राहिली.

आण्णांनी पायाची बोटं आवळली. मग पाय उचलला, पाणी जाऊ दिलं.