अंबारीचा पुठ्ठा

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. बाबांची नाही, खालाची नाही, सरकारची तर मुळीच नाही. अख्ख्या औरंगाबादेनं पोट धरून हसावं असा घोळ मी एकटीनं घातला, तोही अक्षरावरची एक इवलीशी खूण विसरून.

आमचं घर हर्सूलला, धंदा दोरखंडाचा. अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात कुजवायच्या, साल सोलायची, वाख झोडपून काढायचा आणि दोर वळायचे. झोडपताना आखूड, तुटका चोथा गळायचा. त्याचे ढीग अंगणात पडलेले असायचे, कोंबड्या त्यात अंडी घालायच्या, बाकी त्याचा उपयोग शून्य. त्या साली बाबांच्या बोटांचे सांधे आखडले आणि दोर वळेनासा झाला. "दिवाळी झाली की जिनिंगात कापसाच्या गाठी वाहायला जातो," ते एकदा जेवताना सहज म्हणाले. गाठी वाहणारी माणसं मी पाहिली होती. चाळिशीतच वाकलेली असायची.

आमच्या शेजारची खाला कागद करणाऱ्या घराण्यातली. तिनं एक दिवस चोथ्याची मूठ उचलली, हुंगली, दाताखाली चावून बघितली आणि म्हणाली, "अगे बावली, ये कचरा नै, माल है माल!" झालं! तिथून आम्हाला याडच लागलं. चोथा चुन्यात भिजवला, कुटला, हौदात कालवला, साच्यावर त्याचे थर उचलले. थरावर थर दाबून वरून चिंचोक्याची खळ दिली. पहिला पुठ्ठा भिंतीला असा चिकटला की भिंतीचा पोपडा घेऊनच निघाला. दुसरा शेळीनं खाल्ला. पाचवा मात्र दोन विटांवर आडवा ठेवून बाबा त्यावर उभे राहिले आणि तो नुसता कुरकुरलासुद्धा नाही! खाला अन् मी हात धरून अंगणात फुगडी घातली. बाबा वरूनच ओरडत होते, "अगं उतरू का आता?"

पुठ्ठा कुणाला विकायचा तेही ठरलेलं होतं. शहरातल्या हिमरू कापडाच्या मागांना नक्षी उठवायला भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची माळ लागते. लढाईमुळं विलायती पुठ्ठा यायचा बंद झाला होता, माग बसून होते. पण मागांच्या कारखानदारानं आम्हाला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. "रस्सीवाल्यांचा पुठ्ठा? जाव जाव." माल त्यानं हातातसुद्धा घेतला नाही. मग खालाला कळलं की आमखास मैदानावर देशी मालाची अन् जनावरांची नुमाइश भरणार हाय, अन् कारखानदार तिथं येणार. तिथं जागा मिळाली तर तो पुठ्ठा बघेल. नाहीतर बाबा जिनिंगात.

अर्ज उर्दूत करायचा होता आणि घरात उर्दू येणारी मी एकटी. मुलींच्या मदरशात चार इयत्ता शिकलेली, अक्षराची भलती घमेंड. मी झोकात लिहिलं: अंबाडी का पुठ्ठा, निहायत मजबूत, चिकना, बेदाग, ओलाव्यात फुगत नाही, कितीही वजन पेलतो. आता उर्दूत 'ड़' काढायचा तर 'र' काढून त्याच्या डोक्यावर छोट्या 'तोय'ची खूण ठेवायची. झोकाच्या भरात माझी ती तोय राहून गेली. अंबाडीची झाली अंबारी! आणि पुठ्ठ्याला 'गत्ता' लिहायचं सोडून मी घरचाच शब्द ठेवला; उर्दूत पुठ्ठा म्हणजे जनावराचा मागचा भाग. तिकडच्या कारकुनानं वाचलं, अंबारी ठेवायचा हत्तीचा पुठ्ठा, मजबूत, चिकना, बेदाग.

सरकारी जवाब आला: जागा मंजूर, जनावर धुऊन आणावं, चाऱ्याचा इंतजाम सरकारतर्फे. आम्हाला वाटलं, हे आपल्या गाडीच्या बैलांबद्दल हाय. बाबांचे डोळे भरून आले. "बैलाचीसुद्धा काळजी करत्यात गं!" आम्ही बैलं घासूनपुसून लख्ख केली.

मैदानावर गेलो तर आमची जागा घोडे आणि वळूंच्या मध्ये! समोर गाडाभर ऊस आणि जमिनीत मनगटाएवढी साखळी ठोकलेली. खाला म्हणाली, "बैलों को इत्ती मोटी साखळी?" तेवढ्यात जनावरं तपासणारा दरोगा फीत घेऊन आला, दोन माणसं आणि एक शिडी घेऊन.

"हत्ती किधर है?"

"कोणचा हत्ती?" बाबा म्हणाले.

"जिसका पुठ्ठा नापना है!"

बाबांनी अदबीनं त्याच्या हातात आमचा पुठ्ठा दिला. दरोगा पुठ्ठ्याकडं बघतो, शिडीकडं बघतो, पुन्हा पुठ्ठ्याकडं. मग त्यानं खिशातून माझा अर्ज काढून मोठ्यानं वाचला. घोडेवाले खदाखदा हसायला लागले. मला तोय आठवली आणि धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"सरकार की मस्करी? किनं लिख्या ये?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढं झाले. "म्या लिहिलंय, साहेब."

बाबांना 'अ' सुद्धा येत नव्हता. दरोग्यानं दौत पुढं केली, "अब्बी लिख के बता." बाबांनी क्षणभर बघितलं आणि गपकन अंगठा दौतीत बुडवला. मग काय! माणसं हसता हसता खाली बसली. दरोग्यालासुद्धा हसू फुटलं. वळू हंबरले, आमच्या बैलांनी संधी साधून सरकारी ऊस लंपास केला. खाला डोळे पुसत होती, मी रडत होते की हसत होते ते मलाच ठाऊक नाही.

इतका गलका ऐकून मैदानाच्या त्या टोकाची माणसं धावत आली, त्यात कारखानदार होता. हत्तीचा किस्सा ऐकून तो इतका हसला की त्याची टोपी पडली. हसता हसताच त्यानं पुठ्ठा हातात घेतला. वाकवला. मग हसायचा थांबला. घोड्यांच्या पाण्याच्या टाकीत बुडवला, बाहेर काढून पुसला, खिशातल्या आरीनं काठाला भोक पाडलं, नख फिरवून बघितलं. भोकाची कड तुटली नव्हती. "म्हैन्याला कित्ते बनाते?" त्यानं विचारलं. बाबा बोटं मोजायला लागले. खालानंच आकडा ठोकून दिला, तोही दुप्पट.

कारखानदारानं तिथंच उसाच्या गाड्यावर कागद ठेवून करार लिहिला. सगळ्या मागांचा पुठ्ठा आमच्याकडून. जिनिंग गेलं खड्ड्यात! बाबांचा अंगठा अजून शाईनं ओलाच होता, कारखानदारानं तोच धरून कागदाकडं ओढला. बाबांनी हात मागं घेतला.

"अंगठा नको, मालक," ते म्हणाले. "आमच्या घरात सही हाय."

आणि मला त्यांनी खांद्याला धरून पुढं केलं.