वर्लाचं दोन टोकांचं इंजिन

आमच्या गावात कुणाला राग येत नाही. म्हणजे येतो, पण तो गिळायचा, वर कॉफी प्यायची आणि मरेपर्यंत पोटात ठेवायचा, अशी आमची रीत. मी ऑर्लिन. चाळीस वर्षं मिनेसोटाच्या याच रस्त्यांवर दुधाचा टँकर चालवला, त्यामुळे कुणाच्या पोटात काय आहे ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. माझ्या पोटातलं आज सांगतो.

माझी शेजारीण वर्ला टॉलेफ्सरूड. वय त्र्याहत्तर, मनगटं बाप्यासारखी, बोलणं कमी. एकतीस वर्षं ती आमच्या चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापत आलीय. तिच्याकडे १९७१ सालचा, बागेत चालवायचा छोटा लाल ट्रॅक्टर आहे, तिच्याएवढाच ठेंगणा आणि हट्टी. मोठं गवत ती त्याच्यावर बसून कापते. पूर्वेच्या कुंपणाजवळ मात्र तान्ह्या मुलांची रांग आहे. तिथले दगड पाटीएवढे, जमिनीशी सपाट. तिथे ती उतरते, गुडघे टेकते आणि कात्रीने कापते. त्यातला एक दगड तिच्या मुलीचा आहे. ती मुलगी तीन दिवस जगली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ट्रॅक्टर धाडकन बंद पडला. इंजिनातला दांडा तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. मी वाकून बघितलं. आत बोट जात होतं.

"संपलं," मी म्हणालो.

"इंजिन संपलं. ट्रॅक्टर नाही," ती म्हणाली.

चर्चच्या समितीचा अध्यक्ष लोवेल ऑस्बी. त्याच्या जावयाची गवत कापायची कंपनी आहे. लोवेल दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात हजर. "वर्ला, तू किती वर्षं राबायचं? मेमोरियल डेच्या आत ट्रॅक्टर सुरू झाला तर झाला, नाहीतर यंदापासून जावयाला देऊ. तुझ्याच भल्यासाठी म्हणतो हं." मेमोरियल डे म्हणजे मेचा शेवटचा सोमवार, त्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन दफनभूमीत येतं. त्या जावयाची मशिनं खोलीएवढी रुंद. शेजारच्या गावात त्यांनी असल्याच सपाट दगडांचे चार कोपरे उडवले. तिथे कुणी काही बोललं नाही. बोलणार कसं, सगळे आमच्यासारखेच.

तर इंजिन शोधायला हातात चार आठवडे. लोकांना वाटतं, दुकानात जायचं, तेवढ्याच ताकदीचं इंजिन घ्यायचं, चार बोल्ट आवळायचे. इथेच गाडी अडते. या जुन्या ट्रॅक्टरात इंजिनाचा शाफ्ट दोन्ही बाजूंनी काम करतो. पुढच्या टोकावर पट्टा चढतो आणि गवताची पाती फिरतात, मागच्या टोकाने चाकं फिरतात. आजकालच्या इंजिनांना काम करणारं टोक एकच. तसलं बसवलं तर एक तर ट्रॅक्टर चालेल आणि गवत कापणार नाही, नाहीतर जागच्या जागी उभा राहून हवा कापेल.

वर्लाने सगळी मापं घेतली, शाफ्टची जाडी, लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, आणि अंड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली. तो पुठ्ठा घेऊन आम्ही शहरातल्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आजी, बावीस हॉर्सपॉवरचं देतो तुम्हाला. पळेल नुसता!"

"मला पळायचं नाहीये. शाफ्ट मागून बाहेर येतो का?"

"मागून कशाला हवा? आजोबा, तुम्ही तरी समजवा यांना."

हे माझ्याकडे बघून. माझं डोकं फिरलं, पण मी काय केलं? टोपी सारखी केली.

वर्लाने पुठ्ठा त्याच्या नाकासमोर धरला. "यांना काय विचारतोस? ट्रॅक्टर माझा आहे. वाचता येतं का तुला?"

मग भंगारवाल्यांना फोन. एका वेल्डिंग मशिनवर अगदी तेच इंजिन मिळालं, आम्ही दीड तास गाडी हाकत गेलो, आणि त्याचं मागचं टोक कुणीतरी करवतीने कापून टाकलेलं. मेमोरियल डेला नऊ दिवस उरले होते.

आणि आम्हा दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं की तसंच इंजिन गावातच आहे. लोवेलच्या बापाचा तोच ट्रॅक्टर, त्याच सालचा, बाप गेल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा. मग आधीच का नाही गेलो? कारण आमच्याकडे कुणी सरळ मागत नाही. जायचं, हवापाण्याचं बोलायचं, विषय हळूच तिकडे वळवायचा, आणि समोरच्याने आपणहून देऊ करायचं. त्यालाही आपण पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा त्याने म्हटलं की "बरं, तू एवढं म्हणतोस तर" म्हणून घ्यायचं. केकच्या तुकड्यापासून शेताच्या तुकड्यापर्यंत हेच. पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

शेवटी गेलो. लोवेलच्या बायकोने रुबार्बच्या आंबट देठांचा केक पुढे ठेवला. पावसाचं बोलून झालं, मक्याचं झालं, मग वर्ला म्हणाली, "तुझ्या वडलांचा ट्रॅक्टर अजून आहे म्हणे."

"आहे की. तुला इंजिन हवं असेल तर ने ना," लोवेल म्हणाला.

"छे, तुला लागेल."

"अगं, मला कशाला? ने."

"नको, असू दे."

लोवेलने तिच्याकडे बघितलं. मग किटली उचलली. "बरं बाई, तू म्हणशील तसं. कॉफी?"

एखाद्याच्या तोंडावर दार आपटावं तसं झालं ते. त्याला समजत होतं. त्याच्या बायकोलाही समजलं, ती बशीकडे बघत बसली. आणि उद्या कुणी विचारलं तर हा म्हणायला मोकळा की मी दोनदा देऊ केलं, तीच नको म्हणाली. वर्ला गाडीत बसली. मी गाडी सुरू केली आणि तिला हवेबद्दल काहीतरी सांगितलं. हवेबद्दल!

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले. लोवेलने कप वाजवला. "वर्लाच्या कामाची आपण सगळे आभारपूर्वक नोंद घेऊ. मी स्वतः इंजिन देऊ केलं होतं, दोनदा. पण तिला आता आराम हवाय."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. वर्ला उठली.

"लोवेल, तिसऱ्यांदा का नाही म्हणालास, ते सांग सगळ्यांना."

चमचे थांबले. ही गोष्ट आमच्यात मोठ्याने कुणी बोलत नाही.

"अगं, तूच तर..."

"मी दोनदा नको म्हणाले, कारण मला तसंच वाढवलंय. तुलाही तसंच वाढवलंय. आता नीट ऐक. मला ते इंजिन हवंय. मी मागतेय."

"वर्ला, हे नंतर बोलू, इथे..."

"इथेच. कुंपणाजवळच्या रांगेत तुझा भाऊ आहे. तुझी आई होती तोवर ती यायची. ती गेल्यापासून त्याच्यावरचं गवत मी कापते, गुडघ्यांवर बसून. अठरा वर्षं झाली. तुझ्या जावयाला तो दगड कुठे आहे हे माहीत आहे? तुला आहे?"

लोवेलची मान लालभडक झाली. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"ने," तो म्हणाला.

"कधी?"

"आजच ने."

त्याच दुपारी तिने ते इंजिन खोलून आणलं. गुरुवारपर्यंत आम्ही तिच्या शेडमध्ये राबत होतो. कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग घातला, जुना शाफ्ट गंजला होता तो घासला. बोल्टची भोकं केसाइतकीही चुकली नाहीत. मला वाटलं, आता तिचा राग उतरला असेल.

"जिंकलीस की गं," मी म्हणालो. "लोवेलचं तोंड कसं पडलं होतं! लबाड लेकाचा!"

ती पाना आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "लोवेलला द्यायचं नव्हतं, म्हणून तो गप्प बसला. त्याचं मला समजतं. तू माझ्या बाजूने आला होतास ना, ऑर्लिन? तिसऱ्यांदा तू म्हणायचं होतंस, अरे, तिला हवंय, देऊन टाक. एवढंच. मग तू का मूग गिळून बसलास?"

मी फडक्याने हात पुसू लागलो.

"तोंडात काय होतं तुझ्या?"

"केक," मी म्हणालो.

तिने पाना खाली ठेवला, ट्रॅक्टरवर चढली आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. पुढचा पट्टा फिरला, मागची चाकं फिरली. ती शेडमधून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि दफनभूमीकडे वळली. मी हात वर केला होता. तिने बघितलं नाही.