खंडेनवमीचं तेल

माझा नवरा चहाच्या पुरचुंडीची पिन काढून मगच ती ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकतो. खेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पत्रकात तसं लिहिलंय म्हणून. पहाटे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तरी सायकलवाल्यांचा लाल सिग्नल लागला की हा पाय टेकून उभा. मी पुढे निघून गेले तर मला काही बोलत नाही, नुसता बघतो. बोलला तर भांडता तरी येईल.

सतीश मूळचा चिपळूणचा. इथे नायमेखन या डच गावात एका चिप बनवणाऱ्या कंपनीत मोजमापाच्या खात्यात आहे, म्हणजे बाकीच्यांनी केलेलं काम नीट झालंय का ते बघायचं. आठवडाभर हेच करून एखाद्याचं पोट भरलं असतं. ह्याचं भरत नाही. म्हणून शनिवारी तो क्लबात जाऊन पुन्हा तेच करतो.

क्लब गावाबाहेरच्या जंगलात आहे, एअर रायफलचा. झाडांमध्ये लोखंडी कावळे आणि उंदीर उभे केलेले असतात. त्यांच्या पोटातल्या भोकात छर्रा बसला की ते आडवे होतात. यात अट एकच, रायफलचा जोर ठरलेल्या मर्यादेच्या आत हवा. स्पर्धेआधी प्रत्येकानं टेबलावरच्या यंत्रातून काही छर्रे झाडायचे. छर्ऱ्याचा वेग आणि वजन यांवरून यंत्र जोर काढतं. सोळा पूर्णांक तीन ज्यूलच्या वर गेला की परत जायचं आणि अर्ध्या तासानं एकदाच पुन्हा यायचं. तेव्हाही वर गेला तर घरी. या टेबलावर बसायला कुणी तयार नसतं, कारण बसणाऱ्याशी सगळ्यांचं वाकडं येतं. सतीशनं ते काम मागून घेतलं.

पहिल्याच वर्षी त्यानं क्लबच्या अध्यक्षांना बाहेर काढलं. यंदा जूनमध्ये विम नावाच्या सभासदाला काढलं, तेही अगदी निसटत्या फरकानं. विम निवृत्त पोस्टमन, मनात येईल ते तोंडावर बोलणारा. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला की सतीशच्या बायकोची रायफल बहुतेक घरी स्वयंपाकघरातच पास होत असेल. सगळे हसले, मीही हसले. सतीश हसला नाही. त्या दिवसापासून बाकीच्यांना तीन छर्रे आणि मला पाच. हा कुठला नियम, असं मी विचारलं, तर म्हणाला की नियमात 'किमान तीन' असं लिहिलंय.

मी या खेळात आले ती कंटाळून. हा टेबलावर बसायचा आणि मी कँटीनमध्ये कॉफी पीत भिंतीकडे बघायची. एकदा मारैके नावाच्या बाईंनी त्यांची रायफल माझ्या हातात दिली आणि पहिलाच कावळा पडला. वर्षभरात मी सतीशच्या पुढे गेले. ते फार अवघड नव्हतं, तो स्वतःही खेळतो, पण कायम शेवटून दुसरा असतो. पण मग मी इतरांच्याही पुढे जायला लागले. या देशात मी आले त्याच्या व्हिसावर, पहिली नोकरी मिळाली त्याच्या ओळखीनं, आणि अजूनही अर्ध्या गावात मी 'सतीशची बायको' आहे. ही एकच गोष्ट माझी होती. वसंतात जर्मनीतल्या स्पर्धेला क्लबचे तिघं जाणार होते. दोघं ठरलेले. तिसरी जागा मला किंवा विमला, आणि ते ठरणार होतं मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेत, दसऱ्याच्या दिवशी.

आदल्या दिवशी खंडेनवमी. सतीशनं अर्धी सुट्टी टाकली. चौरंगावर लॅपटॉप, पेचकस, सायकलचा पंप, माझा मिक्सर आणि आमच्या दोन्ही रायफली, नळ्या बिजागरीत दुमडून उघड्या ठेवलेल्या. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती. ह्याच्या वडिलांचं चिपळूणला वर्कशॉप होतं आणि खंडेनवमीला ते प्रत्येक अवजाराला खोबरेल तेलाचं बोट लावायचे. तेव्हा इथेही ते आलंच. तेल थंडीनं गोठलेलं होतं, म्हणून ह्यानं वाटी हीटरवर ठेवून ते पातळ करून घेतलं. मी स्वयंपाकघरात श्रीखंड फेटत होते. नंतर बाहेर येऊन बघितलं तेव्हा हा फडक्यानं रायफली पुसत होता, आणि पुसल्यात म्हणजे झालं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर माझा पहिला छर्रा सुटला आणि यंत्रानं अठरा दाखवले. पुढचे चारही तसेच. माझ्या रायफलनं कधी पंधराच्या वर डोकं काढलेलं नाही. खोबरेलाचा वास आला, पण सतीशनं आदल्या दिवशी डोक्यालाही थापलं होतं, मला वाटलं तोच. सतीश नळीच्या तोंडाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग डचमध्ये, आदरार्थी बहुवचन लावून, "अर्ध्या तासानं या," म्हणाला. मला, त्याच्या बायकोला.

मला वाटलं रायफल गाडीत तापली. म्हणून ती सावलीत गवतावर ठेवली आणि शेजारी बसून राहिले. मारैके म्हणाल्या, स्प्रिंगचं काहीतरी असेल. सरावाची जागा समोरच होती, रिकामी. पण उगाच आणखी तापायला नको म्हणून मी एकही छर्रा झाडला नाही. सतीश टेबलावरून पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, काळजीनं बघतोय.

दुसऱ्या वेळी साडेसतरा. नळीतून बारीक धूर निघाला आणि तापल्या तव्यावर तेल करपल्याचा वास आला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तू आत तेल घातलंस?" मी मराठीत विचारलं.

"बिजागरीला लावलं होतं. आत उतरलं असणार. छर्ऱ्यामागे ते जळतं, म्हणून जोर वाढतो."

"मघाशीच कळलं होतं तुला?"

"हो."

"मग बोलला का नाहीस? तिकडे जाऊन वीस-पंचवीस छर्रे झाडले असते तर सगळं जळून गेलं असतं."

"तपासणाऱ्यानं शूटरला सल्ला द्यायचा नाही," तो म्हणाला. "रूल आहे, नीरजा." आणि माझ्या नावापुढे 'बाहेर' असं लिहिलं.

मी तिथे तमाशा केला नाही, एवढंच. कँटीनमध्ये जाऊन श्रीखंडाच्या डब्याकडे बघत बसले आणि तो कुणाच्या डोक्यावर पालथा घालावा याचा विचार करत राहिले. वर्षभर थंडीवाऱ्यात पोटावर झोपून सराव केला होता मी. ज्यानं तेल घातलं त्यानंच मला काढलं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. विम आला. जूनमधलं बोलणं मागे घेतो म्हणाला, आणि अशी जागा मिळाली तर त्यालाही गोड लागणार नाही, असंही म्हणाला. त्यानं मला आणखीच चीड आली, कारण तो खरं बोलत होता.

सगळ्यात शेवटी तपासणाऱ्याचीच रायफल तपासतात, आणि ती दुसऱ्यानं तपासायची असते. यंत्र येतं मारैकेंना आणि मला. मारैके जंगलात कावळे उभे करायला गेल्या होत्या. तेव्हा मला बोलावणं आलं आणि मी अगदी आनंदानं गेले. सतीशची रायफलही आदल्या दिवशी त्याच चौरंगावर होती. पण ह्याला कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. सगळं माहीत होतं, आणि माझ्यानंतर सरावाच्या जागी जायला वेळही होता. मी मनातल्या मनात म्हटलं, आता बघू, स्वतःचं तेल कसं जाळून आलाय ते.

त्यानं रायफल टेबलावर ठेवली. खोबरेलाचा वास तसाच होता. पठ्ठ्यानं एकही छर्रा झाडला नव्हता.

त्याचे अठराच्याही वर गेले. मी त्याच्याच आवाजात, डचमध्ये, बहुवचन लावून, "अर्ध्या तासानं या," म्हटलं.

"नको," तो मराठीत म्हणाला. "मला जे माहीत होतं ते तुला सांगता आलं नाही. मग मी ते कसं वापरू? बाहेर लिही."

इतक्या वर्षांत त्यानं एकही स्पर्धा चुकवली नव्हती. शेवटून दुसरा यायचा, तरी दर वेळी मोसमाचा तक्ता फ्रिजवर लावायचा. मी लिहिलं. मला रडू आलं आणि ते आलं याचाही राग आला. ह्या माणसावर धड चिडूनसुद्धा राहता येत नाही.

घरी जाताना वेगाची मर्यादा ऐंशी, म्हणून गाडी बरोबर ऐंशीवर. मागचा ट्रक दिवे मारत होता, तरी ऐंशीच. वाल नदीचा पूल आला.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"दुसरी संधी असते ना?"

"असते," मी म्हटलं. "अर्ध्या तासानं. पण सल्ला मिळणार नाही."

त्यानं मान हलवली आणि गाडीतल्या घड्याळाकडे बघितलं.